सुमात्र्याचा गेंडा आणि आमची दयाबुद्धी

‘निसर्गाच्या कामात मनुष्याने ढवळाढवळ करू नये’ हे वचन पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडी ऐकू येते. सुमात्रा बेटातील केसाळ, दोन शिंगांच्या गेंड्यांना अरण्यातून धरून आणून कुंपणाच्या आत त्यांची वीण वाढविण्याचा उद्योग चालला आहे. त्यासही हेच वचन लावून ‘मुक्या जिवास हा बंदिवास कशाला?’ असे विचारण्यात येते. प्रश्न दयाबुद्धीचा आहे खरा. परंतु आमच्या मते ही दयाच त्या प्राण्याच्या मुळावर येणारी आहे.

मनुष्याची ढवळाढवळ केव्हाच होऊन चुकली आहे. एके काळी हा गेंडा आमच्या आसामपासून बोर्निओपर्यंत वावरत असे. शिंगासाठी झालेली शिकार आणि मळ्यांसाठी झालेली जंगलतोड ह्यांमुळे त्याची संख्या आज पन्नासांच्या आत आली आहे. उरलेले गेंडे त्या निबिड वर्षावनात इतके विखुरले आहेत की, नरमादीची गाठ पडणेही दुरापास्त. शिवाय, दीर्घकाळ गर्भ न राहिलेल्या मादीच्या गर्भाशयात गाठी होतात व ती बहुधा वांझ होते. म्हणजे एकही शिकारी न फिरकला, तरी नुसता एकांतवास वंशच्छेदास पुरेसा आहे! मलेशियाच्या अरण्यातून हा गेंडा नष्ट झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. तेथील शेवटची मादी इमान २०१९ साली वारली. तीही ह्याच व्याधीने ग्रासलेली होती.

प्रतिपक्ष म्हणेल, ‘१९८४ पासून चाळीस गेंडे धरले, त्यांतील बहुतेक निपुत्रिक मेले, त्याचे काय?’ आक्षेप खरा आहे. परंतु तो दोष अज्ञानाचा होता, पद्धतीचा नव्हे. ह्या प्राण्यास वाळले गवत नव्हे, ताजा झाडपाला लागतो, एवढेही प्रथम कोणास ठाऊक नव्हते. ते उमगल्यावर २००१ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे आंदालास जन्मला. पुढे त्यास सुमात्र्यातील वाय कांबास येथे नेले व २०१२ साली त्याच्यापासून आंदातू झाला. २०२३ साली तेथेच आणखी दोन पिल्ले जन्मली. त्यांपैकी एकाची आई स्वतः त्याच कुंपणात जन्मलेली होती.

अरण्य राखलेच पाहिजे. नाहीतर ह्या पिल्लांनी उद्या जावे कोठे? परंतु अरण्य राखून त्यातील एकट्या गेंड्यास एकटेच मरू देणे, ह्यास रक्षण म्हणता येत नाही. ती एकाकी मादी स्वतंत्र असेल. पण तिच्याबरोबर तिचा वंशही संपणार असेल, तर त्या स्वातंत्र्याचे गोडवे दूर बसून गाण्याचा अधिकार आम्हांस नाही.