स्टेटस टाकून थिएटर वाचत नाही!

गावातलं जुनं थिएटर पाडायला घेतलं, की आपले स्टेटस भरून वाहतात. 'एक पर्व संपलं' वगैरे. पण तिथलं शेवटचं तिकीट कधी काढलं होतं, हे कुणी लिहीत नाही!

इंग्लंडमधलं मार्गेट बघा. लंडनकरांचं समुद्रकाठचं सुट्टीचं गाव. तिथे १९२० मध्ये 'ड्रीमलँड' हे मनोरंजन उद्यान सुरू झालं. लाकडी 'सीनिक रेल्वे' हा त्याचा जीव. गाडीला ब्रेक लावायला चक्क त्याच गाडीत माणूस बसायचा! पुढे लोक सुट्टीला स्वस्तात परदेशी जाऊ लागले आणि मार्गेट ओसरलं. २००३ मध्ये ड्रीमलँड बंद करून जागा वेगळ्या कामाला वापरायचा बेत जाहीर झाला.

लोकांनी नुसते उसासे टाकले नाहीत, मोहीम उभारली. रेल्वेला २००२ मध्येच वारसा दर्जा मिळाला होता, तो त्यांनी घट्ट धरून ठेवला. २००८ च्या आगीत तिचा मोठा भाग जळाला, तरी ते हटले नाहीत. अखेर स्थानिक कौन्सिलने जागा सक्तीने ताब्यात घेतली. २०१५ मध्ये ड्रीमलँड पुन्हा उघडलं.

गोष्ट इथे गोड होत नाही. पुढच्याच वर्षी उद्यान चालवणारी कंपनी कर्जात अडकली. म्हणजे आठवणींवर फाटक उघडतं, पण ते उघडं राहायला रोजची गर्दी लागते.

म्हणून दोस्तहो, हळहळ नंतर. आधी या रविवारी तिकीट काढा!