पुस्तकाची फाईल कुणाची?

मराठी पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचं ठरलं की प्रकाशकाचा फोन लेखकाच्या आधी आम्हाला येतो. "ताई, ती फाईल आहे ना तुमच्याकडे? ऑफिसातल्या मुलाला पाठवतो, पेनड्राइव्हवर टाकून द्या." नारायण पेठेत माझं अक्षरजुळणीचं काम चालतं. पुस्तकाच्या दुसऱ्या-चौथ्या पानावर मुद्रकाच्या आगेमागे बारीक टाइपात जे नाव असतं, ते आमच्यासारख्यांचं. फाईल बहुधा सापडते. मुलगा पेनड्राइव्ह लावतो, हिरवी पट्टी शेवटापर्यंत जाते आणि पुस्तक मिळालं असं समजून तो जिना उतरतो. माझ्या मते त्याला बऱ्याचदा पुस्तक मिळालेलंच नसतं. आणि ते मागायला तो इतक्या उशिरा आला, ही त्याहून मोठी चूक. पुस्तक छापायला जातं त्याच आठवड्यात त्याची पूर्ण फाईल प्रकाशकाकडे आणि लेखकाकडे गेली पाहिजे, आणि त्या कामाचे वेगळे पैसे आम्हाला मिळाले पाहिजेत.

पूर्ण म्हणजे काय, ते सांगते. १९९०च्या दशकापासून कितीतरी वर्षं मराठी पुस्तकांची पानं पेजमेकरमध्ये लागली. अक्षरं श्रीलिपीची, नाहीतर सी-डॅकच्या आयएसएमची. या जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी 'क' हा क नसतोच. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या कुठल्यातरी जागेवर क-चं चित्र बसवलेलं असतं, आणि ही बसवणूक ज्याची त्याची निराळी. पेजमेकरच्या फाईलमध्ये असतात त्या फक्त या जागा. चित्रं असतात फाँटमध्ये, आणि फाँट असतो माझ्या संगणकात. त्यामुळे नुसती फाईल उचलून दुसरीकडे उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांचा खच पडतो. मग फोन येतो, "ताई, फाईल खराब आहे." फाईल ठणठणीत असते. ती ज्याच्या जिवावर चालते ते मागे राहिलेलं असतं.

फोटोंचंही तेच. मोठे फोटो पेजमेकर फाईलच्या पोटात घेत नाही, त्यांचा पत्ता तेवढा लिहून ठेवतो. पडद्यावर दिसते ती झलक. फोटोंचं फोल्डर सोबत नेलं नाही तर छापताना चेहरे धुरकट येतात, आणि दोष प्रेसच्या माथी जातो.

बरं, फाँटही सोबत देऊन टाकावेत म्हटलं, तर ते आम्ही विकत घेतलेले. असे वाटायची परवानगी बहुधा नसते. म्हणून खरा उपाय एकच उरतो: मजकूर युनिकोडमध्ये आणून द्यायचा. युनिकोडमध्ये क हा जगातल्या कुठल्याही संगणकावर क-च असतो. पण हे काम बटण दाबून संपत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं याच्या बरोबर उलट. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर ही अदलाबदल करतं आणि मधूनच चुकतं. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातली माणसं समुद्रात जाऊन पडतात, आणि शब्द दोन्ही शुद्ध असल्यामुळे कुठलाही तपासनीस ओरडत नाही. ते माणसानंच वाचून काढावं लागतं. म्हणून मी पैशांचा विषय काढते. हे वाचन चांगल्या मुद्रितशोधकाचं काम आहे. फुकटात मागितलं तर फुकटातलंच मिळेल.

आता आमच्या धंद्याबद्दल. फाईल हातची जाऊ द्यायची नाही, ही आमच्यातल्या अनेकांची जुनी रीत आहे. फाईल आपल्याकडे म्हणजे पुढची आवृत्ती आपल्याकडे. छापण्यापुरती पीडीएफ द्यायची, उघडी फाईल द्यायची नाही. प्रकाशकालाही ते सोयीचं पडत होतं. जागा त्याची अडत नव्हती, खर्चही नव्हता. पण अक्षरजुळणी करणारी माणसं निवृत्त होतात, दुकानं बंद होतात, जुने संगणक भंगारात जातात. लिपीच्या सॉफ्टवेअरला तेव्हा हार्डवेअर लॉक असायचा. तो बिघडला किंवा हरवला की फाईल असून नसल्यासारखी. कुठल्यातरी पेठेतल्या बंद कपाटातल्या हार्डडिस्कवर एखाद्या लेखकाचं सगळं लेखन पडलेलं असतं, आणि हे लेखकाच्या घरच्यांना ठाऊकही नसतं.

यावर कुणी म्हणेल, छापील पुस्तक तर आहे ना! आहे, आणि त्याची काळजी कायद्यानं घेतलेली आहे. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकानं त्याची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. फाईलबद्दल तो कायदा बोलत नाही. आणि छापील प्रतीवरून नवी आवृत्ती काढायची तर एकतर सगळं पुन्हा टाइप करा, नाहीतर स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्या. दोन्हीत पहिल्या पानापासून प्रूफं तपासणं आलंच. अंध वाचकाला पुस्तक ऐकायचं असेल, कुणाला ई-बुक काढायचं असेल, तर लागतो युनिकोड मजकूर. जुन्या फाँटमधून काढलेली पीडीएफ इथे उपयोगाची नाही. ती दिसते सुरेख, पण तिच्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की तोच कंसांचा आणि टक्क्यांचा खच.

दुसरं उत्तर येतं ते तरुण प्रकाशकांकडून: आता सगळं गुगल ड्राइव्हवर असतं. असू द्या, ती एक जास्तीची प्रत. पण ते खातं कुणाच्या नावावर आहे? नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या असेल, तर दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या फायलींसकट पुसून टाकण्याचा नियम गुगलनं २०२३मध्ये जाहीर केला आहे, हे लक्षात असू द्या.

पेनड्राइव्हवरही फार भिस्त नको. ती ने-आण करायची वस्तू. त्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं खणात पडून राहिली तर तो भार झिरपू शकतो. ठेवणीसाठी हार्डडिस्क बरी, आणि तीही एक नव्हे, दोन, दोन वेगळ्या घरांत. कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' करूनच ड्राइव्ह काढावा, कारण पट्टी भरली तरी शेवटचा मजकूर कधीकधी संगणकाच्या स्मृतीतच रेंगाळत असतो. आणि प्रेसमधून फिरून आलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसले तर "सगळं उडालं" म्हणून घाईनं फॉरमॅट मारू नये. तो व्हायरस बहुतेकदा फायली नुसत्या लपवतो, त्या जागेवरच असतात.

माझी मागणी फार मोठी नाही. लेखक-प्रकाशक करारात एक कलम घाला: छपाईला गेलेली पीडीएफ, चित्रांसकट उघडी फाईल आणि तपासलेला युनिकोड मजकूर, या तिन्ही गोष्टी प्रकाशन होण्याआधी दोघांच्या ताब्यात येतील. फाईलच्या नावात पुस्तक, आवृत्ती आणि वर्ष असू द्या. 'फायनल', 'फायनल न्यू' आणि 'फायनल खरी' यांतली खरी कुठली, हे पुढे आम्हालाही सांगता येत नाही. ताबा घेताना ड्राइव्ह माझ्या संगणकावर नको, स्वतःच्या संगणकावर उघडून पाहा. मधलं एखादं जोडाक्षरांनी गच्च भरलेलं पान काढा आणि वाचा. पीडीएफ आणि मजकूर नीट दिसत असतील तरच माझं बिल चुकतं करा. त्या बिलात 'युनिकोड मजकूर व तपासणी' अशी वेगळी ओळ असेल, तिच्यावर मात्र घासाघीस करू नका.

जुन्या पुस्तकांसाठी याच वर्षी फोन फिरवा. पेजमेकर चालणारी यंत्रं आणि ती चालवणारी माणसं अजून आहेत तोवर हे काम होईल. यानं माझ्या हातचं दुसऱ्या आवृत्तीचं काम जाऊ शकतं, हे मला कळतं. ते परत यावं अशी माझी इच्छा आहेच; पण माझी पानं नीट लागतात म्हणून यावं. फाईल अडकून पडली म्हणून आलेल्या कामात दरही पडून मिळतो आणि मानही.