निजेचा भाव

'भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा' ही म्हण आपल्या घराघरांत आहे. दमलेल्या माणसाला धोंड्यावरही झोप लागते, हे खरेच. पण ही म्हण शेतकऱ्यालाच ऐकवली जाते. ज्याच्या निजेला बाजारात किंमत आहे, त्याला धोंडा उशाला घे असे कोणी सांगत नाही.

हे सुचायला कारण घडले ते मागच्या बैठकीत. एका कार्यकर्त्याचा मुलगा पुण्यात काँप्युटरच्या कंपनीत आहे. कंपनी त्याला रात्रीच्या विमानाने, वरच्या वर्गाचे तिकीट काढून लंडनला पाठवते. बापाने विचारले, "तिथं म्हणे विमानात खाट असते. खरं काय? अन् कंपनी नुसत्या झोपेसाठी एवढे पैसे कशापायी मोजते?" बैठकीत हशा पिकला. आम्हाला मात्र प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही.

खाट असते, हे खरे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस विमान कंपन्यांनी पहिला वर्ग आणि साधा वर्ग यांच्या मध्ये बिझनेस क्लास काढला. सुरुवातीला तिथे रुंद खुर्ची आणि बरे जेवण, एवढेच होते. ब्रिटिश एअरवेजने १९९० च्या दशकाच्या मध्यास पहिल्या वर्गात पूर्ण आडवी होणारी खुर्ची आणली आणि २००० साली तीच सोय बिझनेस क्लासला दिली. जागा वाचावी म्हणून एका खुर्चीचे तोंड पुढे, तर शेजारचीचे मागे, अशी मांडणी केली. बऱ्याच कंपन्यांनी आधी उतरती खाट देऊन पाहिली. डोके वर, पाय खाली, आणि माणूस रात्रभर घसरतोय! गिऱ्हाईक सपाट खाटेकडे वळले, तसे बाकीच्यांनाही सपाट खाट द्यावी लागली. यासाठी कोणत्या सरकारने हुकूम काढला नव्हता. गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाण्याची मोकळीक होती, म्हणून हे घडले.

आता कंपनी पैसे का मोजते ते पाहू. हे भाडे साध्या वर्गाच्या तिप्पट ते पाचपट असते. मुंबईहून लंडन साधारण साडेनऊ-दहा तासांचे. रात्रभर बसून गेलेला माणूस सकाळी उतरून सौद्याला बसला, तर पेंगत सही करतो. एका चुकीच्या सहीत तिकिटाच्या कितीतरी पट नुकसान होऊ शकते. म्हणून कंपनी निजेकडे चैन म्हणून पाहत नाही. ती निजेला उत्पादनखर्चात धरते.

पण नुसती खाट मिळाली म्हणून झोप मिळत नाही. विमानाच्या आत हवेचा दाब आठ हजार फूट उंचीवर असतो तितका कमी होऊ शकतो. आपले कळसूबाई शिखर ५,४०० फुटांचे, म्हणजे त्याहूनही विरळ हवा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत ही पातळी सहा हजार फुटांच्या आसपास ठेवतात. हवा कोरडी इतकी, की आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली. घसा सुकतो, नाक चोंदते. त्यात वरच्या वर्गात दारू फुकट. जर्मनीच्या विमान व अवकाश संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले, की अशा विरळ हवेत दारू पिऊन झोपले तर रक्तातला प्राणवायू घटतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. धडधाकट तरुणांतही हे आढळले. फुकटची दारू झोपेला महाग पडते.

आपली लेकरे आता अशा प्रवासाला निघू लागली आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. जेवण विमानतळावरच उरकावे. विमानात जेवणाची वाट पाहत बसले तर रात्रीचे दीड-दोन तास त्यातच जातात. स्वयंपाकाची जागा आणि संडास यांच्या जवळची खुर्ची टाळावी. तिथे रात्रभर उजेड, पडदे आणि ताटांचा खडखडाट. पंखांच्या आसपास हिसके कमी बसतात. अंगात सैल सुती कपडे घालावेत. ते घाम टिपतात, शिवाय तो आपलाच माल. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे घालावेत. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा, म्हणजे हिसके बसू लागले तरी तो बांधला आहे का हे पाहायला कोणी उठवत नाही. पाणी थोडे थोडे प्यावे. उतरल्यावर तिथल्या उजेडात फिरावे आणि तिथली रात्र होईपर्यंत दम धरावा. शरीरातले घड्याळ उजेडावर चालते. ते कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले.

त्याच विमानात आणखी काही माणसे झोपतात, ती म्हणजे वैमानिक. लांबच्या प्रवासात त्यांच्यासाठी वेगळी निजायची जागा असते आणि ते पाळीपाळीने विश्रांती घेतात. आपल्या देशात २०२४ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांचे नियम बदलले आणि आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली. ज्याच्या हाती शेकडो जीव, त्याची झोप कायद्यात लिहिली गेली. हे योग्यच झाले.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, त्या खाटेचा हेवा आम्ही करत नाही. कोणाची खाट काढून घेतल्याने आपल्याला झोप येणार नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा. ज्वारी निसवल्यापासून खळ्यावर येईपर्यंत रानडुकरांसाठी मचाणावर जागल करावी लागते. रोही कपाशीत शिरतात म्हणून रात्री डबा वाजवत बांधाने फिरावे लागते. ज्याच्या विहिरीला थोडे पाणी आहे, त्याने रात्रीच्या विजेवर हरभरा भिजवताना अंधारात साप तुडवला आहे. घरातली बाई त्याच्या आधी उठते आणि त्याच्या नंतर निजते. या रात्री कोणाच्या खात्यावर मांडल्या? सरकारचे सोडा, आपण आपल्या वहीत तरी मांडल्या का? बियाणे लिहितो, खत लिहितो, फवारणी लिहितो. रात्र लिहीत नाही, कारण ती आपल्याला फुकट वाटते. जो आपला माल फुकट समजतो, त्याला दुसरा कोणी भाव देत नाही.

म्हणून एक काम सांगतो. या हंगामात प्रत्येकाने वहीत एक रकाना वाढवावा. तारीख, पीक, किती तास जागलो, कोण जागले. बाईच्या रात्रीही त्यात लिहाव्यात. जागलीला गडी लावला असता तर एका रात्रीचे किती घेतले असते, तो आकडा पुढे टाकावा. मग एकरी आणि क्विंटलमागे बेरीज करावी. वह्या पुढच्या जिल्हा बैठकीला सोबत आणाव्यात. गावोगावचे आकडे तिथे एकत्र मांडू.

त्या बापाला आमचे उत्तर एवढेच: तुमच्या मुलाच्या एका रात्रीचा हिशेब त्याच्या कंपनीने केला आहे. तुमच्या रात्रींचा हिशेब तुम्हालाच करायचा आहे.