स्पीकर मॉनिटरजवळ ठेवावा कीं न ठेवावा ?

संगणकाच्या मॉनिटरजवळ स्पीकर ठेवूं नये, त्यांतील लोहचुंबकानें चित्र बिघडतें, असा उपदेश अद्यापि कित्येक घरांतून ऐकूं येतो. वडील माणसें सांगतात, मुलें ऐकतात. परंतु कां, असें विचारल्यास उत्तर क्वचितच मिळतें. आमच्या मतें हा उपदेश एके काळीं सर्वस्वीं खरा होता. आज बहुतेक घरीं त्याचें कारण उरलेलें नाहीं. मात्र ज्यास कारण ठाऊक नाहीं, त्यास हा फरक कळणार कसा ?

प्रथम जुन्या मॉनिटरचा विचार करूं. २००० सालाच्या सुमारापर्यंत सर्वत्र दिसणाऱ्या त्या जाडजूड यंत्रांत कांचेची मोठी नळी असे. तिच्या मागील टोकांतून इलेक्ट्रॉनांचे झोत निघून, तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांनीं उजळणाऱ्या सूक्ष्म ठिपक्यांवर पडत. हे झोत वळविण्याचें काम नळीच्या मानेभोंवतालचीं विद्युच्चुंबकीय वेटोळीं करीत. जो झोत चुंबकानेंच वळावयाचा, त्यास शेजारच्या स्पीकरमधील कायम चुंबकानें वाट चुकविली तर नवल तें काय ? झोत भलत्याच ठिपक्यांवर पडे आणि पांढऱ्या जागीं जांभळे-हिरवे डाग उमटत. ठिपक्यांमागील धातूची जाळी स्वतःच चुंबकित झाली, तर स्पीकर हलविल्यावरही डाग राहत. ते घालविण्यास क्रमाक्रमानें क्षीण होणारा उलटसुलट प्रवाह एका वेटोळ्यांतून सोडावा लागे. म्हणूनच संगणकासाठीं केलेल्या अनेक स्पीकरांत विरुद्ध दिशेचा दुसरा चुंबक व लोखंडी आवरण घालीत.

आजच्या चपट्या पडद्यांत असला झोत मुळींच नसतो. बहुतेकांत द्रवस्फटिकाचे रेणु विजेच्या दाबानें वळतात आणि मागील प्रकाश त्यांतून कमी-अधिक बाहेर येतो. घरगुती स्पीकरच्या चुंबकानें त्यांत डोळ्यांस दिसेल असा फरक पडत नाहीं.

नियम पाळल्यानें बिघडतें तरी काय, असें कोणी म्हणेल. बिघडतें तें असें. चुंबकाचा धोका जगांतून नाहींसा झालेला नाहीं. त्याची जागा मात्र बदलली आहे. छातींत पेसमेकर बसविलेल्या मनुष्याजवळ जोरदार चुंबक आल्यास त्या यंत्राचें काम तात्पुरतें बदलूं शकतें. आणि आजच्या कित्येक मोबाइल फोनांत असे चुंबक असतात. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०२१ सालीं असे फोन व मनगटी यंत्रें शरीरांत बसविलेल्या उपकरणांपासून निदान सहा इंच दूर ठेवावीं, अशी सूचना केली. केवळ शब्दानें नियम पाळणारें घर निरुपद्रवी पडद्याजवळचा स्पीकर दूर सारील आणि तोच फोन आजोबांच्या छातीवरील खिशांत खुशाल राहूं देईल. कारण जाणणारें घर ही चूक करणार नाहीं.

दुसऱ्या बाजूनें, जुना उपदेश कालबाह्य झाला म्हणून वडिलांस हंसणारे विद्यार्थीही आम्हांस पसंत नाहींत. वडिलांनीं डाग स्वतः पाहिले होते. त्यांचें बोलणें अनुभवाचें होतें.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, एक होकायंत्र घ्यावें, स्पीकर हळूहळू त्याच्याजवळ आणावा आणि सुई केव्हां हलूं लागते तें पट्टीनें मोजून लिहून ठेवावें. चुंबकापासून बरेंच दूर गेल्यावर अंतर दुप्पट केलें कीं त्याचा जोर सुमारें अष्टमांश उरतो. सहा इंचांसारखें थोडें अंतर एवढें उपयोगी कां पडतें, हें तेथेंच उमगेल. पालकांस विनंति ही कीं, मुलास ‘नको’ म्हणतांना त्यामागचें ‘कां’ही सांगावें, आणि तें आपणांस ठाऊक नसल्यास मुलाबरोबर बसून शोधावें. कारणासह दिलेला नियम काळ बदलला तरी मुलाच्या उपयोगीं पडतो. कारणावांचून दिलेला नियम त्या जुन्या मॉनिटराबरोबरच अडगळींत जातो.