उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण बांधकामाच्या कागदांतला जुना मजकूर बदलला का?

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. भूमसह आठही तालुक्यांच्या सरकारी कागदांवर नवं नाव आलं. संगणकावर हे काम तसं सोपं. जुना शब्द शोधा, नवा टाका, संपलं. पण त्याच कागदात असा मजकूरही असतो, जो शोधून सापडत नाही आणि चुकला तर इमारतीला महागात पडतो.

नेमकं प्रकरण काय?

समजा, भूम तालुक्यात शाळेची एक खोली बांधायची आहे. त्यासाठी अंदाजपत्रक आणि निविदा लागते. काँक्रीट कसं हवं, वाळू कोणती, सळई कुठल्या प्रतीची, हे त्यात प्रत्येक बाबीपुढे लिहिलेलं असतं. यालाच तपशीलवार विनिर्देश म्हणतात. हा मजकूर दरवेळी नव्याने कोणी लिहीत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राज्य दरसूचीत तो तयार मिळतो. खासगी आर्किटेक्टसाठी अमेरिकेत मास्टरस्पेक आणि ब्रिटनमध्ये एनबीएस अशी सॉफ्टवेअर अनेक दशकांपासून आहेत. आपल्याकडे मात्र सर्वाधिक वापरलं जाणारं 'सॉफ्टवेअर' म्हणजे मागच्या कामाची वर्ड फाईल आणि 'सेव्ह ॲज'चं बटण!

यात धोका काय?

वाळूचं उदाहरण घ्या. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठी आयएस ३८३ हे मानक आहे. १९७० च्या आवृत्तीच्या नावातच 'नैसर्गिक स्रोतांतून' असे शब्द होते. २०१६ च्या आवृत्तीतून ते गेले आणि कृत्रिम वाळूला मानकात जागा मिळाली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचं धोरणही मंजूर केलं. तरीही निविदेत 'आयएस ३८३ : १९७०' तसंच राहिलं, तर ठेकेदार आणि अभियंता दोघांनाही भांडायला आयतं कारण मिळतं.

भूकंपाचा मुद्दा त्याहून गंभीर. १९९३ ला हादरलेलं किल्लारी तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होतं. २००२ च्या आयएस १८९३ मध्ये पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि हा पट्टा तिसऱ्या क्षेत्रात गेला. त्या मानकातल्या शहरांच्या यादीत 'उस्मानाबाद'समोर तिसरं क्षेत्र आणि ०.१६ हा गुणांक आहे. दुसऱ्या क्षेत्रासाठी तो ०.१० असतो. म्हणजे दुसऱ्या क्षेत्रातल्या एखाद्या शहराची फाईल उचलून भूमला वापरली आणि फक्त गावाचं नाव बदललं, तर आकडा चुकीचाच राहणार. गंमत म्हणजे या यादीत 'धाराशिव' शोधलं तर काहीच सापडत नाही.

पैशांचंही तसंच. सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. जुन्या फाईलमधला एक आकडा तसाच राहिला, की अंदाजपत्रक कमी पडलंच.

मग करायचं काय?

विनिर्देशांची सॉफ्टवेअर यासाठी एक साधी शिस्त पाळतात. मूळ मजकूर एकच ठेवायचा. मानकाचं वर्ष, क्षेत्र, कर अशा बदलत्या गोष्टींच्या जागा रिकाम्या सोडायच्या आणि त्या भरल्याशिवाय कागद छापायचाच नाही. लिहिणाऱ्यासाठीच्या सूचना त्याच फाईलमध्ये असतात, पण छापील प्रतीत येत नाहीत.

मूळ मजकूर बदलला म्हणून चालू कामांचा मजकूर आपोआप बदलत नाही, आणि तो बदलूही नये. सही झालेला करार आहे तसाच राहिला पाहिजे. नवं काम मात्र मागच्या कामाच्या प्रतीवरून नाही, तर मूळ मजकुरावरून सुरू व्हायला हवं. इथेच बहुतेक कार्यालयांची गाडी अडते, कारण मूळ फाईल कुणाच्या ताब्यात आहे हेच ठरलेलं नसतं. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक फाईल, तिच्यावर शेवटच्या बदलाची तारीख आणि ती सांभाळणारा एक माणूस, इतक्यावरही भागतं.

तुमच्या गावात शाळा, सभागृह किंवा पाण्याची टाकी होणार असेल, तर महाटेंडर्सवर निविदेची पीडीएफ पाहता येते. ती उघडा आणि आयएस क्रमांकापुढचं वर्ष वाचा.