यात्रेत पोट बिघडले तर...

तंजावूरहून निघालेली पॅसेंजर गाडी सुंदरपेरुमाळ कोयिल या छोट्याशा स्टेशनावर थांबते. कुंभकोणम आता जेमतेम दहा किलोमीटर राहिलेले असते. खिडकीबाहेर कावेरीच्या पाण्यावर पोसलेली हिरवीगार भातशेती, मधूनच नारळाची रांग. डब्यातली मराठी मंडळी कुठले देऊळ आधी आणि कुठले नंतर, याची चर्चा करण्यात दंग असतात. आजी मात्र खिडकीला डोके टेकवून गप्प बसलेल्या. पहाटेपासून त्यांना पाच वेळा जावे लागले आहे. पुन्हा उठावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणेही बंद केले आहे. सुनेने सहज हात धरला, तर तो थंडगार!

''अहो आई, सांगायचं नाही का?''

''अगं, माझ्यापायी सगळ्यांचं दर्शन कशाला चुकवायचं?''

दक्षिणेच्या यात्रेला जाऊन आलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. प्रवासात पोट बिघडणे ही काही मोठी आपत्ती नव्हे. बहुतेकांना दोनतीन दिवसांत आराम पडतो. खरा धोका असतो तो आजार लपवण्यात आणि पाणी तोडण्यात. जुलाबावाटे शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात. लहान मुले आणि साठी ओलांडलेली माणसे यांना ही तूट सोसत नाही. त्यातून रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी रोज चालू असेल, तर शरीर आणखी लवकर सुकते.

बोट असो वा बस, गोष्ट एकच

अलीकडे मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे क्रूझच्या सहली निघतात. परदेशातल्या मुलांकडे गेलेले आईवडीलही हौसेने बोटीची सफर करून येतात. या तरंगत्या हॉटेलांना सर्वांत जास्त धास्ती असते ती नोरोव्हायरस नावाच्या विषाणूची. १९६८ साली अमेरिकेतल्या नॉरवॉक गावातील एका शाळेत साथ आली, त्या गावावरून त्याला हे नाव पडले. संसर्ग झाल्यावर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. एकच स्वयंपाकघर, तेच जिने, तेच कठडे आणि तेच वाढप्याचे डाव. त्यामुळे एकाचा आजार शंभरांना व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या बोटीवर प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के लोक आजारी पडले, की तिथली रोगनियंत्रण संस्था ती साथ जाहीर करते.

बोटीवर दवाखाना आणि डॉक्टर असतात. सलाईन लावण्याची सोय असते. पण तपासणीचे आणि औषधांचे बिल प्रवाशाच्या खात्यावर चढते आणि ते हलके नसते. म्हणून निघण्यापूर्वी प्रवास विमा उतरवावा आणि समुद्रावरच्या उपचारांचा खर्च त्यात येतो की नाही, हे विचारून घ्यावे. डॉक्टर आजारी प्रवाशाला केबिनमध्येच राहायला सांगतात. नेमक्या याच भीतीने पुष्कळ जण दुखणे लपवतात आणि जेवणाच्या रांगेत उभे राहतात. म्हणजे बोटीवरचा प्रवासी आणि गाडीतल्या आजी एकच चूक करतात!

यात्रेची बस म्हणजे तरी दुसरे काय? चाळीस माणसे, एक आचारी आणि एकच पाण्याचा पिंप. म्हणून खबरदारीही तीच. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत. नुसत्या सॅनिटायझरला नोरोव्हायरस दाद देत नाही. आजारी माणसाने, आणि बरे वाटू लागल्यावरही दोन दिवस, इतरांचे पान वाढायला किंवा भाजी चिरायला बसू नये. तीर्थकुंडाचे पाणी डोक्याला लावावे, पोटात घेऊ नये. श्रद्धेला त्याने उणेपणा येत नाही.

एक लिटर पाण्याची किमया

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये लोटले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पुडी पाण्यात कालवून रुग्णांना पाजण्याचे ठरवले. कप घेऊन पाजायला बसले ते रुग्णांचेच नातेवाईक. छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ साली डॉ. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

यामागचे कारण साधे आहे. जुलाबात आतडे नुसते पाणी नीट शोषून घेत नाही, पण साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले, की ती दोन्ही शोषली जातात आणि त्यांच्यामागून पाणीही आत येते. म्हणून प्रमाण महत्त्वाचे. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोठ्या माणसाने दर जुलाबानंतर पेला-दीड पेला प्यावे. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला आणि त्याहून लहान मुलाला पाव ते अर्धा पेला द्यावा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. चोवीस तासांनंतर उरलेले पाणी फेकून द्यावे. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नये. नेहमीच्या गोळ्या घ्याव्यात की थांबवाव्यात, हे मात्र डॉक्टरांना विचारावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी किती द्यायचे, हेही त्यांनाच विचारावे.

जुलाब लगेच थांबवणाऱ्या गोळीचा मोह पुष्कळांना होतो. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर ती घेऊ नये. लहान मुलांना तर देऊच नये. शौचातून रक्त, मोठा ताप, सहाआठ तास लघवी न होणे, खोल गेलेले डोळे, गुंगी, पोटात काहीही न ठरणे, यांपैकी एक लक्षण दिसले तरी दर्शन बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

परमुलखात कोणाला सांगावे?

रेल्वेत असाल तर १३९ क्रमांकावर कळवा. पुढच्या मोठ्या स्टेशनावर डॉक्टर बोलावता येतो. उतरल्यावर रुग्णवाहिकेसाठी १०८. तामिळनाडूत ही सेवा मोफत आहे. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या एका बाजूला पापनाशम आणि दुसऱ्या बाजूला कुंभकोणम, दोन्हीकडे सरकारी रुग्णालये आहेत. तंजावूरला वैद्यकीय महाविद्यालय आहे.

भाषेचे भय बाळगू नये. 'वयिट्रु वली' म्हणजे पोटदुखी आणि 'वांदी' म्हणजे आपली वांतीच. औषधाचे दुकान म्हणजे 'मरुंदु कडै'. खाणावळीत 'कंजी' मागितली तर तांदळाची पेज मिळते. आजाऱ्याला तीच पथ्याची.

आणि हा मुलूख आपल्याला इतका परका तरी कुठे आहे? तंजावूरला भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे धर्मशाळा बांधल्या. राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेल्यावर दुसरे सरफोजीराजे यांनी १८०१ साली रेसिडेंटला पत्र लिहिले आणि ही छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत, अशी विनंती केली. छत्रांतून केवळ अन्नदान होत नसे. तिथे वैद्य नेमलेले असत. वाटेत आजारी पडलेल्या यात्रेकरूला औषध आणि पथ्याचे अन्न मिळे. तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होत असे. वाटेत यात्रेकरू आजारी पडणारच, हे त्या राजाने गृहीत धरले होते. त्यात लाजण्यासारखे त्याला काही वाटले नाही.

मग आपण तरी का लाजावे? यात्रेला निघताना पिशवीत ओआरएसच्या सहा पुड्या, साबणाची वडी, थर्मामीटर, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी आणि घरच्या डॉक्टरांचा फोन क्रमांक असू द्या. बस निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे मात्र आवर्जून सांगा, ''पोट बिघडलं तर लगेच सांगायचं. गाडी थांबेल.''

सुंदरपेरुमाळ कोयिलच्या पुढच्या अर्ध्या तासात सुनेने बाटलीत पुडी कालवली आणि आजींना घोट-घोट पाजली. कुंभकोणमला उतरल्यावर मंडळी आधी दवाखान्यात गेली. देवळात जायला दोन दिवस उशीर झाला, पण गेले ते सगळे मिळून, आणि आजी आपल्या पायांनी चालत.