कुंपण पुन्हा उभारताना

गेल्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सिकंदराबादेस एका रात्री असा वारा सुटला की, पहाटे दार उघडून पाहतो तो अंगणाचे कुंपण शेजारच्या अम्मांच्या भाजीच्या वाफ्यावर आडवे झालेले. सुरूच्या बल्ल्या आणि त्यांवर ठोकलेल्या बंद फळ्या, असे ते सहा फुटी कुंपण होते. दुरून मोठे भक्कम दिसे.

आमचे हे गाव काही कोकणासारखे पावसाचे नव्हे. वर्षाकाठी येथे सरासरी ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; वसईकर वाचक ऐकून हसतील. परंतु वैशाखातील वळवाची वावटळ आणि त्यामागून येणारा पश्चिमेचा मोसमी वारा ही दोन्ही या पठारावर बेताची नसतात. रविवारी सेंट मेरीज बॅसिलिकेत मिस्सेनंतर चौकशी केली, तेव्हा आमच्यासारखी आणखी दोन घरे निघाली.

पडलेल्या बल्ल्या उचलून पाहिल्या. वरचे लाकूड ठणठणीत, मातीखालचे टोकही बरे. पण जमिनीच्या पृष्ठाशी, चार बोटांच्या पट्ट्यात, प्रत्येक बल्ली भुसा झालेली. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत हवा थोडी, वर उघड्यावर ओल टिकत नाही. दोहोंची गाठ पडते ती नेमकी या पट्ट्यात. त्यात वाळवीची भर. आम्ही पूर्वी शहाणपण म्हणून खड्ड्यात काँक्रीट भरले होते, परंतु ते वाटीसारखे खोलगट ठेवले. पावसाचे पाणी त्या वाटीत साचून बल्लीच्या बुंध्याशी मुरत राहिले. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून पाण्याला वाट द्यावी आणि वरचे काँक्रीट खांबापासून बाहेर उतरते करावे, हे आम्हांला फार उशिरा कळले.

वाऱ्याचा हिशेबही तसाच चुकला होता. सहा फूट उंच व आठ फूट लांब अशा बंद फळीवर ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर तिच्यावर सुमारे पाऊण क्विंटलचा रेटा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे तीन क्विंटल! १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मुंबईत वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर नोंदला गेला होता. अशा वेळी बंद फळ्यांचे कुंपण हे शीडच होय. निम्मे उघडे आणि निम्मे बंद असे कुंपण वाऱ्याला थोडे आत येऊ देते, त्याचा जोर मोडते, आणि आतल्या झाडांना बंद भिंतीपेक्षा अधिक लांबवर आसरा देते. भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे घिरट्या घालीत खाली आपटतो. केळीची बाग करणाऱ्यांना हे आम्ही काय सांगावे!

आमच्या गवंड्याचा सल्ला मात्र एकच होता: भिंत घाला आणि मोकळे व्हा. घरातील मंडळींचाही कल तिकडेच होता, आणि खरे सांगावयाचे तर आमचाही. पण आमचे अंगण उंचावर, अम्मांचे घर उतारावर. पावसाचे पाणी भिंतीमागे तुंबले की भिजलेली माती आणि पाणी मिळून भिंतीला रेटू लागतात. पाणी निघण्यास भोके नसतील, पाया उथळ असेल, तर ती भिंत खालच्या घरावरच जावयाची. १३ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादच्या बंडलागुडा भागात भिंत घरांवर कोसळून माणसे दगावली. ७ मे २०२४ च्या वादळी पावसात बाचुपल्लीला बांधकामावरची भिंत पडून सात जणांचा अंत झाला. त्यांत एक लहान मूलही होते. अम्मांची नात ज्या खोलीत निजते, ती आमच्या हद्दीपासून चार हातांवर आहे. भिंतीचा विषय तेथेच संपला.

मग वडारांकडून ग्रॅनाइटचे खांब आणले. तेलंगणात शेताशेताला असे दगडी खांब पाहावयास मिळतात. दगडात ओळीने भोके पाडून त्यांत पाचरी ठोकतात आणि खडक सरळ रेषेत उकलतो. ना वाळवी, ना कूज. सात फुटी खांब दोन फूट जमिनीत, आठ आठ फुटांवर. मध्ये जस्ताचा मुलामा दिलेली तार आणि तिला बांधलेल्या बांबूच्या कामट्या, दोन कामट्यांमध्ये कामटीएवढीच फट. कामट्या चार-पाच वर्षांत बदलाव्या लागतील, पण खांब उपटावे लागणार नाहीत. आमची जमीन मुरमाड असल्याने दोन फूट पुरले. जालना-औरंगाबादकडील आपल्या वाचकांनी मात्र काळ्या जमिनीत एवढ्यावर भागवू नये. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब दाताप्रमाणे हलवून सैल करते. तेथे अधिक खोल जावे.

निवडुंग का लावला नाही, असे कोणी विचारील. जुन्या काळी दक्षिणेत फड्या निवडुंगाची कुंपणे सर्रास असत. तो कुंपण सोडून शेतात शिरला आणि जमिनीच्या जमिनी व्यापून बसला. शेवटी १९२६ साली सिंहलद्वीपातून एक बारीक कीड आणून सोडली, तेव्हा कोठे तो हटला. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो, येथे ती अक्षरशः खरी झाली. तेलुगूतही अगदी हीच म्हण आहे. ‘कंचे’ म्हणजे कुंपण, ‘चेनु’ म्हणजे शेत. अम्मांनी ती आम्हांला ऐकवली. कोणत्या प्रसंगी, ते पुढे येते.

खांबांसाठी दोन टोकांच्या हद्दीच्या दगडांवरून दोरी धरली, तर जुने कुंपण मधोमध अम्मांच्या बाजूला चांगली दीड वीत फुगलेले! आम्ही अवाक झालो. बांध कोरणाऱ्यांना आम्ही याच सदरातून अनेकदा नावे ठेवली आहेत. विचार करता उलगडा झाला. वीस वर्षांत जी जी बल्ली मोडली, तिचा खुंट काढण्याचा कंटाळा करून गड्याने शेजारी नवा खड्डा घेतला, आणि आमच्या बाजूस फुलझाडे असल्याने प्रत्येक वेळी तो पलीकडेच घेतला. हेतू कोणाचाच नव्हता. पण शेजाऱ्याची मेर सरकवू नये, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे. तेथे ‘हेतू नसल्यास चालेल’ अशी पुस्ती नाही.

घरात थोडी कुजबुज झाली. “इतकी वर्षे त्या काही बोलल्या नाहीत, आता कशाला उकरायचे?” असे एकाने म्हटले. आम्ही अम्मांना बोलावून दोरी दाखवली. त्या दोरीकडे पाहत राहिल्या आणि मग हसून त्यांनी ती म्हण सांगितली. त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होते! पती वारल्यानंतर तंट्याची उमेद नव्हती म्हणून त्या गप्प राहिल्या. ते ऐकून आमची मान खाली गेली.

खांब दोरीवरच लावले. त्यापायी आमचे लिंबाचे झाड अम्मांच्या हद्दीत गेले. ते तोडावे काय, असे आम्ही विचारले, तर त्या रागावल्या. लिंबे दोन्ही घरांनी काढावीत असे ठरले आहे, आणि त्यासाठी त्या जागी दोन कामट्या मुद्दाम सुट्या ठेवल्या आहेत. आतून मेंदीच्या फांद्या हातहात अंतरावर खोचल्या. पावसाची झिमझिम असल्याने बहुतेकींना पालवी फुटली आहे. फाटकाची बिजागरी तेवढी अजून लोहाराकडून यावयाची आहे.